मयताला गातात तो चेन्नईचा गाना

डिसेंबरात गाण्यासाठी चेन्नईला जाणारे आपले लोक मैलापूरच्या सभा, म्हणजे संगीत संस्थांचे हॉल, गाठतात, कर्नाटक संगीत ऐकतात आणि मधल्या वेळात सभेच्या कँटीनमध्ये डोसा-कॉफी हाणतात. मीही ते केलं, कँटीन तर एक नंबर. पण मला गाना, म्हणजे उत्तर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांतला गाण्याचा प्रकार, ऐकायचा होता, म्हणून ऑफिसातल्या मित्राला पकडलं, त्याचं घर व्यासरपाडीला. तो म्हणाला, "चल की, पण त्याला तिकीटबिकीट नसतं रे, कोणी गेलं तर ऐकायला मिळेल."

चेष्टा नव्हती ती. मरण गाना म्हणजे मयतापाशी रात्रभर बसून गायचं, गेलेला माणूस कुठं कामाला होता, पोरंबाळं किती, हे सगळं घरच्यांना विचारून तिथल्या तिथं गाण्यात गुंफायचं. रॉयपुरम, पुळियांतोप, काशिमेडूचं मच्छी बंदर, हा सगळा उत्तर चेन्नईचा पट्टा, हमाल, सफाईवाले, रिक्षावाले, कोळी, बहुतेक दलित वस्त्या. भाषा मद्रास बाषै, म्हणजे तमिळमध्ये तेलुगू, उर्दू, इंग्रजी सगळं घुसलेलं, मैलापूरवाले नाक मुरडतात म्हणे. पेरांबूरची बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल पण इथलीच, १९९६ला बंद पडली. मला लालबाग-परळ आणि तिथले शाहीर आठवणारच होते.

नशिबाने आम्ही गेलो तेव्हा कोणी गेलं नव्हतं. चहाच्या टपरीवर एक म्हातारे गानावाले अण्णा भेटले, बाकड्यावरच ठेका धरला आणि मित्राच्या आजोबांच्या मयताला गायलेलं कडवं म्हणून दाखवलं. आजोबा गिरणीत होते आणि जेवणाच्या डब्यात बाटली लपवून वॉचमनला कसे गंडवायचे ते त्यात आहे, हे भर मयतात, आजीसमोर! मित्र हसत हसत मला सांगत होता आणि टपरीवाला मधेच चाल दुरुस्त करत होता.

सिनेमाने यातला ठेका उचलला. नव्वदच्या दशकात संगीतकार देवाने तो घरोघरी नेला, नंतर गाना बाला हा गायक आला, तेही मस्त आहे, मी नाचलोय त्यावर. पण तिथं प्रेमभंग झालेला हिरो गातो, डब्यात बाटली लपवणारा आजोबा काही सापडत नाही. त्यापेक्षा मला कास्टलेस कलेक्टिव्ह हा बँड आवडतो, दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने जानेवारी २०१८मध्ये पहिल्यांदा स्टेजवर आला, गाना, रॅप, रॉक सगळं एकत्र आणि जातीवर थेट बोलणारा. त्यातली इसैवाणी रॉयपुरमची, पुरुषांच्या या गाण्यात शिरलेली बाई, बीबीसीच्या २०२०च्या शंभर महिलांच्या यादीत होती.

रंजित यांच्याच नीलम संस्थेने २०२०पासून डिसेंबरात 'मार्गळियिल मक्कळिसै' हा महोत्सव सुरू केलाय, गाना, ओप्पारी म्हणजे मयतावरची विलापगीतं, परै म्हणजे डफासारखं वाद्य, सगळं स्टेजवर. अनोळखी मयताला जायला संकोच वाटत असेल तर महोत्सवाच्या तारखा बघून चेन्नईचं तिकीट काढा.