नादकाटा, नोंद सहावी: एक पाय बांधला

घड्याळाच्या क्रिस्टलमधल्या नादकाट्याला (ट्यूनिंग फोर्क) बारीक टोक लावून, टोक आणि पृष्ठभाग यांच्यातलं बल घरी मोजायचं, हा माझा खटाटोप. मागच्या नोंदीत दोन क्रिस्टलं मोडल्याचं लिहिलं होतं. या वेळी तापकीर गल्लीतून एकदम वीस आणली, क्वार्ट्झ घड्याळातलीच, ३२,७६८ हर्ट्झची. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं, पण विचारलं काही नाही.

टोपण पकडीने कापून काढलं की आतली निर्वात पोकळी जाते आणि वारंवारता थोडी उतरते. माझी आठ हर्ट्झने उतरली. तिथवर ठीक. चूक पुढची होती. नादकाट्याच्या दोन्ही भुजा एकमेकींच्या उलट हलतात, म्हणून बुडाशी ऊर्जा फारशी गळत नाही. मी एकीला टंगस्टनचं टोक चिकटवलं आणि तोल गेला; क्यू (कंपन किती टिकतं याचं माप) नऊ हजारांवरून चारशेवर. इथे भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्झ गीसिबल यांची युक्ती कामाला आली: तोल सांभाळायचाच नाही, एक भुजा सरळ जड ठोकळ्याला चिकटवून टाकायची. क्यू-प्लस म्हणतात ते हेच. माझा ठोकळा म्हणजे ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा. क्यू दोन हजारांपर्यंत परत आला, वारंवारता २९,४०० च्या आसपास.

भुजेचा ताठपणा साधारण १,८०० न्यूटन प्रति मीटर धरतात. एवढी ताठ असल्यामुळे टोक जवळ गेलं तरी पृष्ठभागाला झटकन जाऊन चिकटत नाही.

कंपनांसाठी शहाबादी फरशी सायकलच्या ट्यूबांवर टांगली आहे. ट्यूब पंचवीस सेंटिमीटर ताणली गेली की फरशी सेकंदाला साधारण एकदाच डुलते, रस्त्यावरच्या बसची थरथर वर पोचत नाही. पण नदीपात्रातले ढोल हवेतून येतात, तिथे फरशी काय करणार? म्हणून मोजणी रात्री दोननंतर. (घरचे आता विचारायचेही थांबले आहेत.)

तर शुक्रवारी अभ्रकाच्या ताज्या पापुद्र्यावर टोक उतरवलं. वारंवारता तीन हर्ट्झने घसरली! हिशेबाने बलाचा उतार, म्हणजे अंतराबरोबर बल किती झपाट्याने बदलतं ते, सुमारे ०.३७ न्यूटन प्रति मीटर. लक्षात घ्या, हा उतार आहे, बल नव्हे. बल हवं तर अंतराबरोबर त्याची बेरीज करत यावं लागतं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलोही. मग टोक वर घेतानाची वारंवारतेच्या आलेखाची रेघ पाहिली. उतरतानाच्या रेघेवर ती बसतच नव्हती, बराच वेळ खाली लोंबत राहिली. म्हणजे पाणी. पावसाळ्यातल्या पुण्यात अभ्रकावर पाण्याचा थर असणारच, आणि टोकाला धरून बसला होता तो.

एका अणूचं बल मोजणारे काय करतात ते यावरून नीट कळलं. २००१ साली सिलिकॉनवर झालेल्या मोजणीत, निर्वातात आणि कडक थंडीत, आधी अणू नसलेल्या कोपऱ्यातल्या खळग्यावर रेघ काढली, मग अणूवर. दुसरीतून पहिली वजा केली की लांबवरची ओढ निघून जाते, उरतो तो एका बंधाचा वाटा, दोनेक नॅनोन्यूटन (न्यूटनचा अब्जावा भाग). २००८ मध्ये तर तांब्यावरचा कोबाल्टचा एक अणू सरकवायला १७ पिकोन्यूटन (नॅनोन्यूटनचा हजारावा भाग) पुरतात, हे याच जातीच्या काट्याने दाखवलं. प्लॅटिनमवर मात्र २१० लागले.

माझ्याकडे वजा करायला खळगा नाही. पाणी तरी हटवू. सिलिका जेल घालून सगळी मांडणी पोळ्यांच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात बसते का, हे काल पाहून ठेवलं. बसते. डबा आईला चतुर्थीच्या आत परत हवा आहे.