उतारावर बाण वर का जातो

रॉकी पर्वतात सप्टेंबरात धनुष्य घेऊन एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) मागे जाणारे उतारावरचा नेम आधी पक्का करतात. जनावर वर किंवा खाली असतं, सपाटीवर क्वचित. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच हवी. पण फील्ड आर्चरीत, म्हणजे डोंगर-झाडीत मांडलेल्या टार्गेटवरच्या तिरंदाजीत, हेच गणित लागतं, आणि मैदानावर तयार झालेल्यांची गडबड नेमकी इथे होते.

गुरुत्वाकर्षण बाणाला खाली ओढतं ते आडव्या अंतराच्या हिशेबाने. त्यामुळे साइट (धनुष्यावरचं नेमाचं साधन) सरळ अंतराला लावली, तर चढ असो वा उतार, बाण वरच लागतो. 40 मीटरवरचं टार्गेट 30 अंशांत असेल तर साइट 34.6 मीटरला लावायची. 20 अंशांत 37.6, 10 अंशांत 39.4, म्हणजे 10 पर्यंत फारसा फरक नाही. 30 अंशांत साइट 40 वरच ठेवली, तर सेकंदाला 80 मीटर वेगाचा कंपाउंडचा (चाकं-केबलवाल्या धनुष्याचा) बाण सुमारे 16 सेंमी वर जातो. 60 मीटर वेगाच्या रिकर्व्हचा (टोकं पुढे वळलेल्या, बिनचाकाच्या धनुष्याचा) जवळजवळ 29 सेंमी. तीव्र उतारावर खाली मारताना अंतरातली कपात किंचित जास्त, वर मारताना किंचित कमी. कोन मोबाइलच्या अँगल मीटरवर मिळतो.

गणित बरोबर असूनही बाण भरकटतो तो शरीरामुळे. नुसता धनुष्याचा हात खाली केला की खांद्यांची रेघ मोडते, अँकर (ओढणारा हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) सरकतो, ड्रॉ (दोरीची ओढ) कमी पडतो. कंपाउंडवर तर वॉल (ओढ जिथे घट्ट थांबते ती हद्द) सुटते आणि पीपमधून (दोरीतल्या भोकातून) साइट दिसेनाशी होते. म्हणून आधी सरळ उभं राहून पूर्ण ड्रॉ घ्यायचा आणि मग कमरेतून वाकायचं. छाती आणि हातांचा काटकोन शेवटपर्यंत तसाच. मुरमाड जमिनीवर पाय सरकतो, तेव्हा टाचेखालचे खडे आधी बाजूला करा.

आडव्या उतारावर शरीर नकळत तिरकं होतं. धनुष्याचं वरचं टोक उजवीकडे झुकलं की बाण उजवीकडे, थोडा खाली. साइटवरच्या लेव्हलचा बुडबुडा बघायचाच. पण साइटचा तिसरा अक्ष (साइट पुढे-मागे वळते तो) चुकला असेल तर बुडबुडाच खोटं सांगतो: सपाटीवर सगळं ठीक, वर मारताना बाण एका बाजूला, खाली मारताना दुसऱ्या बाजूला. तपासायला गवंड्याचा ओळंबा पुरे. तो टार्गेटसमोर टांगा, बाण लावून, खाली बटच्या (बाण अडवणाऱ्या गादीच्या) दिशेने पूर्ण ड्रॉवर साइटची उभी कड ओळंब्याच्या दोरीला जुळवा. बाजूचा माणूस बुडबुडा बघेल. मध्यावर नसेल तर तिसऱ्या अक्षाचा स्क्रू फिरवा. बाण लावल्याशिवाय धनुष्याची दोरी कधीच सोडू नका.

जागेचं मात्र नीट ठरवा. नाशिकजवळच्या पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज इथे माणसं सतत चढत-उतरत असतात, तिथे अजिबात नको. अभयारण्यात तर कायद्याने धनुष्यबाणही शस्त्रच. दिंडोरी-त्र्यंबकच्या बाजूला कुणाचा मालकीचा उतार असेल, तर परवानगी घेऊन तिथे. वर मारताना टार्गेटच्या मागे डोंगराची माती हवी; आकाश दिसत असेल तर बाण सोडायचा नाही. पावसाळ्यानंतर गवत गुडघाभर असतं, त्यात घोणस असू शकते. चुकलेला बाण शोधताना आधी काठीने गवत बाजूला करा, हात नंतर.