तुम्ही विचारलंत म्हणून: आपलं तारण झालंय हे कसं कळतं?

"तुमचं तारण झालंय हे तुम्हाला इतक्या खात्रीनं कसं माहीत?" बायबल अभ्यास संपल्यावर, अंत्यविधीहून परतताना, कधी रात्री उशिरा फोनवर, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. (तारण म्हणजे ख्रिस्तामुळे पापांची क्षमा होऊन सार्वकालिक जीवन मिळणं.) बहुतेकदा या प्रश्नाला एक शेपूटही असतं: "आणि माझं झालं असेल, तर मी अजून असाच कसा?"

खरी अडचण त्या शेपटातच आहे. विचारणाऱ्यानं तारणाचा पुरावा स्वतःच्या सुधारणेत शोधायला घेतलेला असतो. राग तोच, हेवा तोच, प्रार्थनेतला कंटाळाही तोच. मग शंका येणारच.

माझं उत्तर तसं छोटं आहे. ख्रिस्तानं सांगितलंय म्हणून मला माहीत आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात तो आपल्या मेंढरांविषयी म्हणतो की, त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. घट्ट धरून ठेवण्याचं काम तिथं मेंढपाळाकडे आहे. माझी पकड किती मजबूत, हा प्रश्न त्या वचनात येतच नाही. मार्काच्या 9व्या अध्यायातला बाप आठवा. आजारी मुलाला घेऊन आलेला तो माणूस एका दमात म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशू त्याचा विश्वास मोजत बसत नाही, मुलाला बरं करतो.

खात्रीसाठीच लिहिलेलं पत्र हवं असेल तर योहानाचं पहिलं पत्र उघडा. पाचव्या अध्यायात तो लिहिण्याचा हेतूच सांगतो: देवाच्या पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांना कळावं की, सार्वकालिक जीवन त्यांना मिळालेलं आहे. ज्यांचा विश्वास आहे त्यांनाच हे कळवावं लागतंय, म्हणजे विश्वास असूनही खात्री नसलेली माणसं पहिल्या शतकातही होती. मला यातच मोठा दिलासा वाटतो. या पत्रात कसोट्या आहेत, नाही असं नाही. आज्ञा पाळता का, भावाबहिणींवर प्रीती करता का, येशू देह धारण करून आला हे कबूल करता का. पण आम्हांत पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो, असं पहिल्याच अध्यायात बजावून मगच योहान या कसोट्या लावतो. आणि तिसऱ्या अध्यायात म्हणतो की, आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असेल, तर देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. कसोट्या तेवढ्या वाचून ही दोन वाक्यं गाळणारे लोक स्वतःला फार छळतात. (काही उपदेशक इतरांनाही.)

तारखेचं काय? "तुमचा नवा जन्म कधी झाला?" म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून नवं जीवन कधी सुरू झालं, असं कोणी विचारलं की, साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी सांगताना, ज्यांच्याकडे तारीख नसते ते ओशाळतात. ओशाळू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथं झाला. पण त्यांनीच पुढे साक्षीत लिहिलं की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली. आता त्यांच्या तारणाची तारीख कुठली धरायची? मी तरी कुठलीच धरणार नाही. आज माझा भरवसा कोणावर आहे, एवढंच मला पुरतं.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लिश उपदेशक जॉन वेस्ली यांच्याकडे मात्र नेमकी तारीख होती. 24 मे 1738 रोजी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेला ते नाखुशीनंच गेले. बायबलमधल्या रोमकरांस पत्राला जर्मन धर्मसुधारक लूथरनं लिहिलेली प्रस्तावना तिथं वाचली जात होती. रात्री पावणेनऊच्या सुमारास आपल्या हृदयात विलक्षण ऊब जाणवली, ख्रिस्तानं माझी, माझीसुद्धा पापं दूर केली ही खात्री पटली, असं ते रोजनिशीत लिहितात. इथपर्यंतची गोष्ट व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकायला मिळते. पण त्याच रोजनिशीत जानेवारी 1739 मध्ये, म्हणजे वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, त्यांनी लिहिलं की, मी आता ख्रिस्ती नाही. ते कोणी सांगत नाही! खात्रीची जाणीव नसलेला माणूस देवाला मान्यच नाही, असं कडक मत त्यांनी सुरुवातीला मांडलं होतं, तेही पुढे त्यांनी स्वतःच सोडलं. पवित्र आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो हे रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायातलं वचन त्यांना शेवटपर्यंत प्रिय होतं. ती साक्ष मिळते. मात्र ती रोज सारख्याच आवाजात ऐकू येईल, असं वचन कुठं दिलेलं नाही.

इंग्लिश कवी विल्यम कूपर यांचं तर ऐकूनच कसंतरी होतं. देवाच्या गूढ मार्गांवर भरवसा ठेवायला शिकवणारी त्यांची गीतं उपासनेत आजही गातात, आणि ते स्वतः मात्र 1773 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1800 पर्यंत, देवानं आपल्याला कायमचं टाकलंय अशा समजुतीखाली दबलेले होते. त्यांना दीर्घकाळ मानसिक आजार होता. म्हणून झोप उडालेला, जेवण तुटलेला, सगळ्यातूनच मन उठलेला माणूस तारणाबद्दल विचारतो, तेव्हा मी वचनं सांगते आणि डॉक्टरकडेही पाठवते. नैराश्याला अविश्वास म्हणणं अन्याय आहे.

सगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्च, या बाबतीत एकच शिकवतात असंही नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं 1547 मध्ये ठरवलं की, विशेष प्रकटीकरण नसेल तर आपण शेवटपर्यंत टिकूच अशी अचूक खात्री कोणी बाळगू नये. प्रॉटेस्टंटांच्या एका परंपरेचा विश्वास मांडणाऱ्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीचा 18वा अध्याय म्हणतो की, खात्री मिळू शकते, पण खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिची पुष्कळ वाट पाहावी लागेल आणि मिळालेली खात्री डळमळूही शकेल. मला हे दुसरं माणसांच्या अनुभवाशी जास्त जुळणारं वाटतं.

इब्री लोकांस पत्राचा 6वा अध्याय दाखवून घाबरत विचारणारेही असतात. एकदा प्रकाश मिळाल्यावर जे दूर गेले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असं तिथं म्हटलंय. तो इशारा खरा आहे, मी तो सौम्य करत नाही. पण तो वाचून ज्याची झोप उडते, त्याचं ख्रिस्तावाचून अडतं हे उघड आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्यांची. कधीकाळी सभेत हात वर केला, पाळकांनी प्रार्थना केली, विषय संपला. त्यानंतर ना पश्चात्ताप, ना क्षमा मागणं, ना कोणाची देणी फेडणं. 'प्रभू, प्रभू' म्हणणारा प्रत्येकजण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही, असं मत्तयाच्या 7व्या अध्यायात जे म्हटलंय, ते अशांनी स्वतःसाठी वाचावं. पण ते मला फोन करत नाहीत.

आता वाढीबद्दल. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात एक यादी आहे. विश्वासात सात्त्विकतेची भर घाला, मग ज्ञानाची, मग इंद्रियदमनाची, धीराची, असं करत प्रीतीपर्यंत. यादी संपल्यावर पेत्र म्हणतो की, ज्याच्या ठायी हे नाही तो आपल्या पूर्वीच्या पापांपासून शुद्ध झाल्याचं विसरला आहे. हे वाक्य मी आधी कितीतरी वेळा नुसतं वाचून पुढे गेले होते. वाढ खुंटली तर आपण म्हणतो, प्रयत्न कमी पडले. पेत्र म्हणतो, क्षमा विसरलास. म्हणजे आधी वाढ आणि तिच्यावरून खात्री, असा क्रम लावून आपण अडकतो. झालेली क्षमा आठवत राहिलं की, माणूस दुसऱ्याला क्षमा करायला धजतो. जिला आपण टाकले जाऊ अशी भीती आहे ती चूक लपवते. जिला ती भीती नाही ती कबूल करून टाकते, आणि बदल तिथून सुरू होतो.

आठवण राहावी म्हणून करायच्या गोष्टी जुन्याच आहेत. वचन वाचणं, प्रार्थना, प्रभुभोजन, आणि मंडळीत जाणं, विशेषतः नकोसं वाटतं त्या रविवारी. यांत नवीन काही सांगता येईल असं मला वाटत नाही.

वाढ स्वतःला दिसावी हा हट्ट मात्र सोडा. मार्काच्या 4थ्या अध्यायातला शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढलं हे त्याला कळत नाही. उलट जसजसा प्रकाश वाढतो तसतशी धूळ जास्त दिसते. अनेक वर्षं सेवा केलेला प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना पाप्यांमध्ये स्वतःला पहिला धरतो. फरक पडलाय का, हे जाणून घ्यायचंच असेल तर घरच्यांना विचारा. त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं. फक्त ते उत्तर देत असताना मध्ये बोलू नका.