उलट्या दिशेचा पक्षी

फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकच्या पक्ष्याला पिसं नसतात. डोळाही बहुतेकदा नसतोच. लांब मान, ताणलेले दोन पंख, मागे शेपटीचा जरासा टोकदारपणा, झाला पक्षी. भिंतीवर तो दिसला की कुणीतरी म्हणतंच, "हे तर शाळेतली पोरंही काढतील." काढतील की. छापून दाखवा म्हणावं.

शिळाछापात, म्हणजे दगडावर चित्र काढून त्याचे कागदावर छाप घेण्यात (लिथोग्राफी), सगळ्यात छळतो तो सपाट रंग. बारीक रेघांच्या गर्दीत चूक खपून जाते, पसरट काळ्या पंखात तिला लपायला जागा नसते. रोलरचा घेर पंखाच्या लांबीपेक्षा कमी असला तर एक वळसा संपून दुसरा सुरू होतो तिथे पट्टा उमटतो. म्हणून रोलर उभा, आडवा, तिरका फिरवत राहायचं. शाईत धुळीचा कण पडला की ऐन पंखात पांढरा ठिपका. रविवर्म्याच्या लक्ष्मीचं बरं होतं. मळवलीच्या छापखान्यात एखादा दगड जरासा सरकलाच, तर चूक पोटात घ्यायला जरीचे काठ होते.

दगड जर्मनीच्या बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा, चुनखडीचा. तो आधी कार्बोरंडमच्या खरखरीत पुडीने घासायचा, ८० नंबर, मग १२०, मग २२०, दरवेळी आणखी बारीक. नंबर बदलताना दगड नीट धुतला नाही तर जाड कण मागे राहतो आणि ओरखडा पडतो. मग पुन्हा पहिल्यापासून. त्यावर तेलकट खडूने चित्र, पण हात टेकवायचा नाही. बोटाचा तेलकटपणाही दगड चित्राइतक्याच निष्ठेने धरून ठेवतो, आणि पक्ष्याच्या पोटावर कुणाचा तरी अंगठा छापला जातो. नंतर डिंकाचं पाणी. तीसेक मिलीलिटरमध्ये नायट्रिक आम्लाचे मोजके थेंब, खडू जाड लावला असेल तर चार-दोन जास्त. थेंब जास्त झाले तर फिकट करड्या छटा जळून जातात, कमी पडले तर कोरी जागाही शाई ओढायला लागते. छापताना प्रत्येक प्रतीला ओला स्पंज, रोलर, कागद, दाब. दगड मध्येच सुकला की पक्ष्याभोवतीचं आभाळ मळलंच समजा.

ब्राक हा रंगाऱ्याचा मुलगा. वडिलांचा घरं रंगवायचा धंदा, आणि तो स्वतःही खोटं लाकूड, खोटा संगमरवर रंगवायला शिकलेला. १९५३ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या एका दालनाच्या छतावर त्याने असेच पक्षी रंगवले. १९६२ च्या 'लॉर्द्र दे झ्वाझो' या पुस्तकातले बारा पक्षी मात्र दगडावरचे नव्हेत, तांब्याच्या पत्र्यावरचे. तसल्या छापाच्या कडेवरून बोट फिरवलं तर पत्र्याने दाबलेली खाच लागते. दगडाच्या छापाला अशी खाच नसते, तिथे भिंग लावायचं. ठिपक्यांची फुलं-फुलं दिसली तर ते ऑफसेटचं, यंत्रावर छापलेलं पोस्टर आहे. खाली पेन्सिलीने प्रतीचे किती का आकडे लिहिलेले असेनात.

छाप खरा असेल तर फ्रेमची काच कागदाला टेकू देऊ नये. पावसाळ्यात काचेआड दमट हवा अडकते आणि तपकिरी ठिपके उगवतात. पांढऱ्या पक्ष्यावर ते आले तर फारच वाईट, कारण पांढरा पक्षी म्हणजे पुष्कळदा नुसता न छापलेला कागद. आणि छापाची कोरी कड कापून फ्रेम लहान करणाऱ्याबद्दल न बोललेलंच बरं.

दगडावर डावीकडे उडणारा पक्षी कागदावर उजवीकडे जातो. सरावलेला माणूस तो आधीच उलटा काढतो, किंवा आधी ट्रान्सफर कागदावर काढून मग दगडावर उतरवतो, म्हणजे दोनदा उलटून सुलटा येतो. सहीसुद्धा उलटी काढावी लागते. भिंतीसमोर उभं राहून हा विचार सुरू झाला की पक्षी बाजूलाच राहतो; नजर नुसती त्याचा दगड शोधत बसते.

नॉर्मंडीत वारांजव्हिलच्या चर्चशेजारी, समुद्रावरच्या कड्यावर ब्राकची कबर आहे. तिच्यावरही एक पांढरा पक्षी आहे, मोझेकचा. एकच प्रत.