रेसिंग मॉडेल बोटीची इंधन टाकी: किती मिलीची हवी?

टाकी अंदाजाने घेऊ नका, आधी इंजिन किती पितं ते मोजा. तेही पाण्यातच. स्टँडवर प्रॉपेलर हवेत फिरतो, भार नसतो, त्यामुळे तिथला आकडा फसवा निघतो.

रिकाम्या टाकीत सिरिंजने मोजून 100 मिली इंधन भरा. शर्यतीच्या प्रॉपेलरवर, शर्यतीच्याच वेगात 4 मिनिटं बोट पळवा. मग उरलेलं सिरिंजने ओढून मोजा. समजा 28 मिली उरलं, तर 72 मिली जळलं. म्हणजे मिनिटाला 18. कार्ब्युरेटरची सुई (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) थोडी उघडली किंवा प्रॉपेलर बदलला की हा हिशेब पुन्हा करायचा.

6 मिनिटांची शर्यत असेल तर सुरुवातीच्या घिरट्या आणि शेवटचा अर्धवट फेरा धरून 7 मिनिटं पकडा: 126 मिली. वर 20 टक्के राखीव, म्हणजे 151. तळाशी न ओढलं जाणारं 8-10 मिली धरलं की 160. पत्र्याची टाकी स्वतः बनवत असाल तर आतून 10×4×4 सेंमी.

उगाच मोठी टाकी मात्र नको. भरलेलं 160 मिली इंधन साधारण 140 ग्रॅम भरतं, आणि ते संपत जातं तसा बोटीचा तोल बदलतो. म्हणून टाकी गुरुत्वमध्याजवळ बसवा.

टाकीत इंधन असूनही वळणावर इंजिन अडखळतं? बहुतेक वेळा दोष टाकीतून इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाचा असतो. उजव्या वळणात इंधन डावीकडे सरकतं, वेग घेताना मागे. तोंड त्याच कोपऱ्यात हवं. नळीत बुडबुडे दिसले तर टाकीखाली फोम घाला, कंपनाने फेस होतो.