खालचं वाच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा, असा निरोप आला. लिहायला बसलो, तर डोळ्यापुढं आली ती शाळा सुटल्यावरची आमची आळी.

सांगली जिल्ह्यातला आमचा खानापूर तालुका पहिल्यापासून दुष्काळी. विट्यात यंत्रमागांची खडखड होती, आमच्या गावात तेही नव्हतं. घरटी एक माणूस गलाईला परमुलखात. मोडीचं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं. सराफाच्या पेढीतला झाडलोटीचा केरसुद्धा विकत घ्यायचा आणि जाळून-धुऊन त्यातला कण काढायचा. त्यामुळं आळीतली घरं आडनावापेक्षा शहरानं ओळखली जायची. सेलमवाले, बरेलीवाले, कोचीनवाले. जत्रेला ही मंडळी आली की त्यांची पोरं आपसात कुठल्या कुठल्या भाषेत भांडायची आणि आम्ही तोंडाकडं बघत राहायचो.

गावातली दुकानं चालायची ती मनीऑर्डरीवर. पोस्टमनची सायकल वेशीत दिसली की किराणावाले तात्या ओट्यावर येऊन उभे राहायचे. कुणाची मनीऑर्डर आली हे घरच्यांच्या आधी तात्यांना कळायचं, आणि उधारीची वही उघडलेलीच असायची. शिंपीमामांना काम दोनदाच, शाळेच्या गणवेशाला आणि जत्रेला. गिरणीवाला मात्र उधारी ठेवत नसे. पैसे नसले तर पीठ काढून घ्यायचा. त्याचा मला तेव्हा फार राग यायचा. आता वाटतं, डिझेल काही त्याला उधार मिळत नव्हतं.

आणि शेजारच्या सेलमवाल्या आक्का. सातवीपासून त्यांची पत्रं मी वाचायचो. मला अक्षर न् अक्षर वाचायची खोड. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम’ इथवर आलो की आक्का चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणायच्या, “क्षेम राहू दे रं, खालचं वाच.” खालचं म्हणजे पैसे किती धाडले आणि येणार कधी. वाचून झालं की पत्र दाराआडच्या तारेत खोचलं जायचं. उत्तरही मीच लिहायचो. “लिव, म्हस व्याली. रेडा झाला. शेवग्याला औंदा शेंगा लई.” एकदा आंतरदेशीयच्या कडेला थोडी जागा उरली होती. तिथं मी बारीक अक्षरात घुसडलं, ‘ता. क. बाळूसाठी शाईचं पेन आणावं.’ बाळू म्हणजे मीच. दिवाळीत पेन आलं. “ह्यांना कसं सुचलं गं?” असं आक्का महिनाभर आईला विचारत होत्या. दहावीचा पेपर मी त्याच पेनानं लिहिला. पत्रलेखनाच्या प्रश्नाची धास्ती नसलेला आमच्या वर्गात मी एकटाच होतो.

आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय. जिथं कुसळं टोचायची, तिथं ऊस आणि द्राक्षबागा आहेत. तात्यांच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय. सेलमची भट्टी आता आक्कांचा नातू बघतो.

गेल्या जत्रेला गेलो होतो. आक्का ऐंशीच्या पुढं गेल्यात. मला बघताच फोन पुढं केला, “नातवाचं काय आलंय बघ.” गुलाबाची फुलं आणि वर ‘शुभ सकाळ’. मी तेवढं वाचलं.

“ते राहू दे. खालचं वाच.”

खाली काही नव्हतं. मी म्हणालो, “दिवाळीला येतोय म्हणतोय.” आणि अंगणात येऊन नातवाला फोन लावला.