आमची वाटचाल: जात्याचा व्हिडिओ आणि झाकलेले नाव

सांगलीत 2004 साली लग्नाचे शूटिंग आणि केबलवरच्या पट्टी जाहिराती यांवर आमचा व्यवसाय सुरू झाला. खांद्यावरचा पॅनासॉनिक कॅमेरा, मिनी डीव्ही टेपांचे खोके आणि रात्रभर रेंडरिंग करणारा एक संगणक एवढेच भांडवल होते. त्या टेपा आजही माळ्यावर आहेत आणि त्यांतले एकही लग्न मी पुसलेले नाही. पुढची बारा वर्षे ठीक गेली.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि केबलवरच्या दहा सेकंदांसाठी पैसे मोजणारे दुकानदार ‘आम्हाला व्हायरल करून द्या’ असे म्हणू लागले, जणू तो जाहिरातीचा एखादा ठरलेला आकारच आहे. घरघंट्या बनवणारे आमचे जुने ग्राहक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांना मी मिक्सर बनवणाऱ्या ब्लेंडटेक या अमेरिकन कंपनीचे व्हिडिओ दाखवले. 2006 पासून त्या कंपनीचे मालक पांढरा कोट घालून स्वतःच्या यंत्रात गोट्यांसारख्या वस्तू दळत होते, पुढच्या वर्षी त्यांनी आयफोनही दळला, आणि त्या करमणुकीतून यंत्राची ताकद आपोआप सिद्ध होत होती. काकांनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “पीठ दळायच्या यंत्रात गोट्या घालायच्या नाहीत.”

मग आम्ही त्यांच्या आईंना जात्यावर बसवले, शेजारी घरघंटी ठेवली आणि दोघींना सारखीच ज्वारी दिली. आजींनी निम्म्यावर उठून घरघंटीचा प्लग काढला आणि पुन्हा ओवी धरली. हे लिहिलेले नव्हते, कॅमेरा मात्र चालू होता. तेव्हा व्हॉट्सॲपवर 16 एमबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसे, म्हणून अठ्ठेचाळीस सेकंदांवर कापून, पीठ खरखरीत दिसणार नाही एवढाच बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला लागणारा डेटा, ठेवून तो सोडला.

तिसऱ्या दिवशी एका वृत्तवाहिनीने तो दिवसभर दाखवला. उभ्या चित्राच्या दोन्ही बाजूंना धूसर पट्टे, खाली ‘सोशल मीडियावर व्हायरल’ अशी ओळ आणि कोपऱ्यातल्या आमच्या नावावर वाहिनीचा चौकोन. वाहिनीला फुकटात अर्धा तास मिळाला, काकांच्या घरघंटीची चौकशी राज्यभरातून सुरू झाली, आणि आमच्याच गावातल्या एका प्रतिस्पर्ध्याने तो व्हिडिओ आपले काम म्हणून ग्राहकांना दाखवायला सुरुवात केली. वाहिन्यांत आपली ओळख आहे असे सांगून त्याने आमचे तीन मोठे ग्राहक नेले. नव्या कॅमेऱ्याच्या कर्जाचे चार हप्ते थकले आणि लाइट किट विकावे लागले.

वकिलांकडे गेलो तेव्हा कळले की 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे तक्रार करण्याचा हक्क काकांचा होता, माझा नव्हता. या धंद्यातल्या तरुणांना सांगतो, कोटेशनवर लाइटचे भाडे लिहिता तशीच हक्काचीही एक ओळ लिहा, आणि कोपऱ्यातल्या लोगोवर कधीही विसंबू नका.

मी हे काकांना सांगितले तेव्हा त्यांनी वाद न घालता स्वतःच्या लेटरहेडवर सर्व हक्क आमच्याकडे सोपवल्याचे लिहून सही केली. त्या कागदाच्या जोरावर प्रतिस्पर्ध्याला तो व्हिडिओ दाखवणे थांबवावे लागले. वाहिनीने मात्र आमच्या दोन्ही पत्रांना उत्तर दिले नाही.

पुढच्या व्हिडिओत आजींच्या हातातल्या सुपावरच आम्ही गेरूने आमचे नाव लिहिले होते. तो व्हिडिओही फिरला, पण वाहिनीने तो दाखवला नाही.